नात्याचा रकाना

४ फेब्रुवारी

चि. कन्येस,
आशीर्वाद.

तुझा परवाचा संदेश मिळाला. आपल्या दोघांच्या समजुतीत फरक राहू नये म्हणून त्यातील मजकूर येथे पुन्हा नमूद करतो. तिकडच्या न्यायालयात तू एका मुलीला दत्तक घेण्यासाठी अर्ज केला आहेस. सुनावणी २० मार्च रोजी आहे. तुझा जन्मदाखला आपल्या सरकारकडून परदेशात ग्राह्य होईल असा प्रमाणित करून १४ मार्चपर्यंत तुझ्या वकिलांच्या हाती पडला पाहिजे. तसे न झाल्यास ती मुलगी यादीतील पुढच्या कुटुंबाकडे जाईल. मूळ दाखला आईच्या कपाटात आहे. शेवटी तू लिहिले आहेस, 'जमणार नसेल तर लगेच सांगा, मी दुसरी व्यवस्था करते.'

जमेल.

अकरा वर्षांत तू मला थेट लिहिलेला हा पहिला मजकूर आहे. आई गेल्यावर तुझे उत्तर आले होते, पण ते शेजारच्या बाईंच्या फोनवर आले, म्हणून ते मी धरत नाही.

फोनवर उत्तर न देता पत्र लिहितो आहे, याचे कारण अंगठ्याने लिहिलेले वाक्य मला माझे वाटत नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला ही पाने स्कॅन करून तुझ्या ई-मेलवर पाठवील. आपण मजकूर वाचत नाही असे तो म्हणतो. तथापि मर्यादा सांभाळून लिहिलेले बरे.

आज सकाळी आईचे कपाट उघडले. चार महिन्यांत प्रथमच. किल्ली ती जिथे लपवीत असे तिथेच होती. ती जागा मला ठाऊक होती, हे मी तिला कधी कळू दिले नव्हते. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक लहानशी पट्टी लावलेली आढळली. तीवर तुझा फोन नंबर आहे व त्याखाली तिच्या अक्षरात, 'तिकडे साडेचार तास मागे. आपले जेवण झाले की ती कामावर. रविवारी उशिरा उठते.' पट्टीला लॅमिनेशन केलेले आहे. मी ती काढली नाही, मात्र तिथल्या वेळेचा हिशेब आता मलाही करता येतो. हे लिहीत असताना तुझ्याकडे साडेसहा वाजले असावेत.

दाखलाही सापडला. त्यालाही लॅमिनेशन आहे. त्यामुळे काही अडचण येते का, याची चौकशी करून कळवितो.

मुलीचे वय काय? उत्तर आवश्यक नाही.

तुझे वडील

१० फेब्रुवारी

चि. कन्येस,
आशीर्वाद.

'तीन वर्षं. दिवा बंद केला की रडते.' हे तुझे उत्तर मिळाले. नोंद घेतली.

गुरुवारी प्रमाणीकरणाच्या कार्यालयात जाऊन आलो. ही खिडकी फक्त मंगळवारी व गुरुवारी उघडते. खिडकीत एक बाई आहेत, चाळिशीच्या, कानावर पेन खोचलेल्या. त्यांनी दाखला प्रकाशासमोर धरला व मला परत केला.

"लॅमिनेशन चालत नाही, आजोबा. मागच्या बाजूला स्टिकर लागतो, त्यावर सही, त्यावर शिक्का. प्लॅस्टिकवर काय लावू, कपाळ?"

मी विचारले की मग मार्ग कोणता.

"सरळ नोंदणी कार्यालयात जा, नवीन प्रत काढा. वरच्या खात्याकडून त्या सहीची खात्री करून घ्या, मग या माझ्याकडे. आणि मुलगी परदेशात आहे ना? मग तिचं अधिकारपत्र लागेल तुमच्या नावानं. हा घ्या फॉर्म."

फॉर्म सोबत पाठवीत आहे. तो भरून, सही करून परत पाठवावा.

नवीन प्रत काढण्याऐवजी आहे त्याच दाखल्यावरचे आवरण काढता येते का, हे मी आधी पाहणार आहे. कारणे तांत्रिक आहेत.

त्यासाठी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. लॅमिनेशनचे यंत्रही त्याच्याकडेच आहे. तो म्हणाला, "काका, लॅमिनेशन घालतात, काढत नाहीत. हे म्हणजे दुधात मिसळलेलं पाणी वेगळं करून द्या म्हटल्यासारखं झालं." मग त्याने दाखला उलटसुलट केला आणि ओळखला. "हे माझ्याच हातचं काम. काकूंनी आणलं होतं, ताई जायच्या आधी. माझ्या लक्षात आहे, कारण त्या म्हणाल्या होत्या, जाडातलं जाड घाल. कोणाच्या बापालाही निघता कामा नये."

शब्द तिचेच असावेत. माझ्यासमोर ती असे बोलत नसे.

त्याने हे सांगितल्यावर मी उगाचच दोन कोरे लिफाफे विकत घेतले व घरी आलो. घरात कोरे लिफाफे भरपूर आहेत.

तुझे वडील

१६ फेब्रुवारी

चि. कन्येस,
आशीर्वाद.

दाखल्याच्या कोपऱ्याला किंचित इजा झाली आहे.

वरील वाक्य मी खोडत नाही, परंतु ते पुरेसे नाही. जे झाले ते असे. सुती कापड ठेवून त्यावरून मंद इस्त्री फिरविली असता आवरण सैल होते, असे कोणीसे सांगितले होते. बुधवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर ते केले. एक कडा सुटली. मी ती चिमट्यात धरून अत्यंत सावकाश ओढली. निबंधकांचा शिक्का आणि त्यांची अर्धी सही प्लॅस्टिककडे गेली. कागद माझ्याकडे राहिला. त्यावर आता तू जन्मलीस एवढे आहे, पण ते कोणी म्हटले ते नाही.

हे तुला कळविण्यास मी चार दिवस घेतले. याआधीही असे एकदा घडले आहे. आई गेली ते मी तुला तिसऱ्या दिवशी कळविले. 'कळविण्यास दुःख होते की' अशा शब्दांनी सुरू होणारा तो मजकूर तुला कोरडा वाटला असणार. तो पाचवा मसुदा होता. पहिला मी रुग्णालयाच्या बाकावर बसूनच लिहिला होता, औषधांच्या यादीच्या मागे. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या. एक वाक्य तर पूर्णही नव्हते. पाठविण्यायोग्य नव्हता तो. शुद्ध मसुदा तयार होईपर्यंत सर्व आटोपले होते. अकरा वर्षांच्या रुसव्यानंतरही तू फोनवरून का होईना तिला शेवटचे पाहिले असतेस, ते माझ्या शुद्धलेखनापायी राहून गेले.

दाखल्याच्या बाबतीत आता नोंदणी कार्यालयातून नवीन प्रत काढणे एवढा एकच मार्ग उरतो. मी तो पहिल्याच दिवशी का घेतला नाही, असे तू विचारशील. तांत्रिक कारणे नव्हती. त्या कार्यालयात मी एकतीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यापासून त्याच्या पायरीवर पाऊल ठेवलेले नाही. तेथे आता माझ्या जागी डावखुरा बसतो. तोच तो, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. डाव्या हाताने लिहितो म्हणून हे नाव त्याला पडले, आणि त्यालाही ते चालते.

तो दिवस तुला आठवतो व मलाही आठवतो. उच्च शिक्षणासाठीचे तुझे कागद साक्षांकित करून पाठविण्याची ती शेवटची तारीख होती. तू माझ्या खिडकीशी आलीस. नात्यातील व्यक्तीचे कागद अधिकाऱ्याने साक्षांकित करू नयेत असा नियम आहे, हे मी तुला सांगितले व 'पुढचे' असे म्हटले. तू डावखुऱ्याच्या टेबलाकडे गेलीस. त्यानेही कागद परत केले. मग आई भर उन्हात तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे धावली आणि पाच वाजायला दहा मिनिटे असताना सह्या मिळाल्या. ही हकीकत मला तिनेच सांगितली, भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. नियम होता, हे मात्र खरे आहे.

उद्या कार्यालयात जातो.

तुझे वडील

२२ फेब्रुवारी

चि. कन्येस,
आशीर्वाद.

नवीन प्रत मिळाली.

उद्या जातो असे मी लिहिले होते, प्रत्यक्षात गुरुवारी गेलो. सोमवारी बाहेरच्या फाटकापर्यंत जाऊन परतलो. बुधवारी रांगेत उभा राहिलो, परंतु माझा क्रमांक जवळ आल्यावर मागच्या गृहस्थांना पुढे जाऊ दिले, त्यांच्या मागच्या बाईंना जाऊ दिले, आणि असे करीत करीत कार्यालय बंद होण्याची वेळ झाली.

एक गोष्ट कबूल करतो. रांगेत उभे राहणे मला वाईट वाटले नाही. घरात सकाळी दूधवाला दार वाजवितो, त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी माझ्याशी बोलत नाही. पेपर मोठ्याने वाचण्याचा प्रयोग मी करून पाहिला, पण संपादकीय संपल्यावर उगाच कानकोंडे व्हायला होते. रांगेत तसे नाही. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, माझा नंबर बघता का, मी एवढी झेरॉक्स घेऊन येते." मी तो नंबर पाऊण तास अगदी निष्ठेने बघितला. एका तरुण जोडप्याला मुलाच्या नोंदणीचा फॉर्म कसा भरावा ते सांगितले. ते म्हणाले, "तुम्हाला बरंच माहीत आहे हो." मी होय म्हटले. एकतीस वर्षे मी काचेच्या आतून रांगेकडे पाहिले, तेव्हा ती मला नेहमी कटकट वाटली. आत बसणाऱ्याला रांगेचे फक्त पहिले माणूस दिसते.

गुरुवारी खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले आणि आत गेला. डावखुरा स्वतः बाहेर आला. केस पांढरे झाले आहेत. "साहेब, तुम्ही रांगेत? लोक काय म्हणतील मला?" मी म्हटले, रांग सर्वांना सारखीच. तो हसला व म्हणाला, "बदलला नाहीत. चला आत, चहा गार करून प्यायची तुमची सवय माझ्या लक्षात आहे."

माझे टेबल त्याने खिडकीपाशी सरकवले आहे. तेथे उजेड चांगला येतो. हे मला एकतीस वर्षांत सुचले नव्हते.

त्याने जुनी नोंदवही काढविली. तुझ्या जन्माच्या नोंदीखाली खबर देणाराची सही माझी आहे. ती इतकी तिरपी आणि घाईची आहे की पाहताक्षणी मी ती नाकारली असती. त्या दिवशी मी इस्पितळातून धावत आलो होतो, हे मला सही पाहून आठवले. डावखुऱ्याने तेथेच नवीन प्रत लिहविली व डाव्या हाताने सही केली.

नंतर आमचे काही बोलणे झाले. ते या पत्रात लिहिण्याजोगे नाही.

तुझे अधिकारपत्र मिळाले. सही व तारीख योग्य आहेत. पुढच्या गुरुवारपर्यंत वरच्या खात्याचा शिक्का होईल, त्यानंतरच्या मंगळवारी खिडकीवर शेवटचा स्टिकर. मग कुरिअर. वेळ पुरेसा आहे, काळजी नसावी.

तुझे वडील

ता. क. हा मजकूर झेरॉक्सवाल्यासाठी: मागच्या खेपेला तिसरे पान उलटे स्कॅन झाले होते. तसेच "ताईंचं उत्तर आलं का" असे मला दुकानात सर्वांसमक्ष विचारू नये.

४ मार्च, मंगळवार

चि. कन्येस,

घाईत लिहितो आहे, क्षमा असावी.

आज स्टिकर मिळाला नाही. चूक माझी आहे. वरच्या खात्याचा शिक्का वेळेवर झाला. खिडकीवर सर्व कागद बरोबर निघाले. मग बाईंनी तुझे अधिकारपत्र पाहिले व त्यावर बोट ठेवले.

"हा रकाना रिकामा आहे. 'अधिकार दिलेल्या व्यक्तीशी नाते.' इथे काय लिहायचं?"

तो रकाना तू रिकामा ठेवला आहेस, हे अधिकारपत्र आले त्याच दिवशी मी पाहिले होते. बाकी प्रत्येक ओळ तू स्वच्छ अक्षरात भरली आहेस, माझा पत्ता पिनकोडासह. तेवढी एकच जागा कोरी. मी ते तुला लिहिले नाही. सही व तारीख योग्य आहेत असे लिहिले.

बाई म्हणाल्या, "कोण तुम्ही यांचे?"

मी सांगितले.

"मग लिहा की. हे घ्या पेन."

मी म्हटले, हा दस्तऐवज लिहून देणारीने सही करून दिलेला आहे, त्यात दुसऱ्याने सहीनंतर भर घालणे नियमबाह्य आहे.

"अहो आजोबा, एक शब्द आहे. कोण बघतंय? मीच बघणार, आणि मीच सांगतेय भरा म्हणून."

मी पेन घेतले नाही. मागे नऊ माणसे होती. बाईंनी कागद एकत्र करून परत दिले आणि म्हणाल्या, "स्वतःचं काम स्वतःच अडवणारे तुमच्यासारखे चार आले तर मला दुपारपर्यंत घरी जाता येईल."

आता परिस्थिती अशी आहे. खिडकी यानंतर परवा, गुरुवारी उघडेल. कुरिअरला तुझ्यापर्यंत पोहोचण्यास सहा दिवस लागतात. गुरुवारी काम झाले तर कागद १२ तारखेला तुझ्या वकिलांकडे असतील. गुरुवार चुकला तर पुढचा मंगळवार ११ तारखेचा, म्हणजे मुदत गेली. सबब, कृपया तो रकाना भरून अधिकारपत्र नव्याने, गुरुवारी सकाळी दहाच्या आत पाठवावे.

कोणता शब्द लिहायचा, हे मी सुचवीत नाही.

तुझे वडील

६ मार्च, गुरुवार

बाळ,

वरचा शब्द लिहिण्यापूर्वी तीन पाने फाडली. हे पत्र झेरॉक्सवाल्याच्या हातून जाणार नाही. तुझ्या दाखल्याबरोबर, चिकटवलेल्या लिफाफ्यात, कुरिअरने येते आहे. म्हणून जे इतके दिवस मर्यादा सांभाळून लिहिले ते आता तसे लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

दाखला झाला आहे. आधी ते पाहून घे. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात स्टिकर आहे, त्यावरचा क्रमांक वकिलांना उतरवून घेऊ दे. यावर प्लॅस्टिक घालू नये.

काल दिवसभर तुझे उत्तर आले नाही. आज सकाळी पावणेदहापर्यंत दुकानात थांबलो. मग जुनेच अधिकारपत्र घेऊन निघालो. वाटेत मी मनातल्या मनात बाईंसाठी एक अर्ज तयार करीत होतो, रकाना रिकामा असतानाही अपवाद म्हणून कागद स्वीकारावेत अशा आशयाचा. माझ्यापुढे पाच माणसे होती. पाचवे माणूस एक गृहस्थ होते. त्यांचे कागद अपुरे निघाले आणि बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पाहत 'पुढचे' म्हटले.

तो शब्द मी बाहेरच्या बाजूने प्रथमच ऐकला.

मी पुढे झालो आणि पेन मागितले. बाईंनी कानावरचे काढून दिले. मी रकान्यात 'वडील' असे लिहिले. 'ड' नीट आलेला नाही. तुझ्या सहीनंतर, तुझ्या परवानगीवाचून, तुझ्या दस्तऐवजात मी भर घातली. बाईंनी वाचले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं. एवढ्यासाठी दोन दिवस?"

मी म्हटले, अकरा वर्षे. त्यांना ते कळले नाही आणि मीही समजावले नाही.

परत येताना झेरॉक्सवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. "काका, ताईंचं आलंय. तुम्ही निघालात आणि पाचच मिनिटांत आलं." त्याने कागद छापूनच ठेवला होता. त्यावर दोन शब्द होते, 'तुम्हीच भरा.' ते तू रागाने लिहिलेस, कंटाळून लिहिलेस की आणखी कशाने, हे छापील अक्षरांवरून मला ठरवता आले नाही. ते मी आल्यावर वाचले, एवढीच नोंद तू घ्यावीस. भरले ते मी आधीच.

आता डावखुऱ्याशी झालेले बोलणे.

त्या दिवशी तू माझ्या खिडकीपासून वळलीस आणि त्याच्या टेबलाकडे निघालीस. त्याने पेन उचलले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी मानेने नाही म्हटले. नियम माझ्यापुरता होता. त्याच्यासाठी असा कोणताही नियम नव्हता. तू त्याच्या नात्यातली नव्हतीस. तो माझा कनिष्ठ होता आणि घरी त्याची दोन लहान मुले होती. त्याने कागद परत केले. तुला इतकी वर्षे वाटले असेल की बाबा नियमाला धरून बसले. मी नियमाला धरून बसलो नव्हतो. मला तू जायला नको होतीस. हे एवढे वाक्य मी तुला कधीही, कोणत्याही मसुद्यात लिहिले नाही. तेव्हा ते घरात जेवताना सांगितले असते तर तू भांडली असतीस, तरीही गेली असतीस, आणि रविवारी उशिरा उठून मलाही फोन केला असतास.

आणखी एक. मी 'पुढचे' म्हणालो तेव्हा तुझ्या मागे कोणीही नव्हते.

हे दोन्ही फक्त मला व डावखुऱ्याला ठाऊक आहे, असे मी अकरा वर्षे धरून चाललो होतो. म्हणून त्या कार्यालयाची पायरी चढत नव्हतो. म्हणून इस्त्री घेऊन बसलो आणि तुझा दाखला फाडला. नवीन प्रत काढली त्या गुरुवारी चहा पिताना तो म्हणाला, "साहेब, एक सांगू का? रागावू नका. त्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही फिरायला गेला होता. मला राहवेना. वहिनींना सांगून टाकलं की पोरीची सही मी केली असती, साहेबांनी मान हलवली म्हणून हात मागे घेतला."

मी विचारले, मग ती काय म्हणाली.

"आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, पण आता हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. मुलीला नियमाचा राग आलाय, तो नियमाचाच राहू दे. माणसाचा झाला तर फिटायचा नाही."

म्हणजे आईला ठाऊक होते. त्या संध्याकाळपासून ती जाईपर्यंत, रोज. ती माझ्यासमोर बसून जेवली, माझे चष्मे शोधून दिले, मी नियमावर व्याख्यान देत असता हं हं म्हणत राहिली. भांडी विसळताना पाठ करून का बोलली, ते मला आता कळले. त्यानंतरच, तू जाण्याआधी, ती तुझा दाखला घेऊन दुकानात गेली आणि जाडातले जाड आवरण घालून आणले. शेवटच्या आठवड्यात तिने एकदा माझा हात धरून म्हटले होते, "तुम्ही तिला स्वतःहून काही सांगायचं असेल तर सांगा." मला वाटले, ती आजाराविषयी बोलते आहे.

आता तिला विचारता येत नाही की हे तुला सांगू की नको. तिने घातलेले आवरण मी दुसऱ्यांदा काढतो आहे, आणि याही वेळी हाती काय राहील ते मला ठाऊक नाही. राग माणसाचा झाला तर फिटायचा नाही, असे ती म्हणाली होती. माणसांच्या बाबतीत तिचे अंदाज सहसा चुकत नसत. परंतु तू त्या मुलीची आई होण्यासाठी न्यायालयासमोर सर्व खरे कागद मांडणार आहेस. त्यांतला एक माझ्या हातून जात असताना दुसरा मी घरी दडवून ठेवावा, हे मला जमले नाही.

लिफाफ्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, रुग्णालयातील औषधांच्या यादीमागचा तो पहिला मसुदा. चुका तशाच आहेत. अपुरे वाक्यही तसेच आहे, ते मी आता पूर्ण केलेले नाही.

दुसरी म्हणजे तुझ्या दाखल्याची झेरॉक्स प्रत. मूळ प्रत समोर ठेवून मी ती ओळ न् ओळ ताडून पाहिली आहे. खाली उजव्या हाताला लिहिले आहे, 'मूळ प्रतीवरून पडताळली. सत्यप्रत.' त्याखाली माझी सही आहे. सहीखाली जेथे अधिकारी आपला हुद्दा लिहितो, तेथे हुद्दा लिहिला आहे, तोच जो आज सकाळी रकान्यात लिहिला. शिक्का नाही, तो निवृत्तीच्या दिवशी जमा केला. नात्यातील व्यक्तीने केलेले साक्षांकन असल्यामुळे हा कागद कोठेही चालणार नाही. तो कोठेही सादर करू नये. तुझे हे एक काम माझ्या टेबलावर राहून गेले होते.

ती मुलगी दिवा बंद केला की रडते, असे तू लिहिले होतेस. तूही रडत असस. आईचा उपाय असा होता की दिवा एकदम मालवायचा नाही, आधी दार लोटून घ्यायचे, मग पडदा, आणि दिवा सर्वांत शेवटी, बोट तुझ्या मुठीत दिल्यावर. बोट बहुधा माझे असे. मूठ सैल झाली तरी ते काढून घ्यायला मला बराच वेळ लागे.

२० तारखेला तुझ्या न्यायालयात सकाळचे दहा वाजतील तेव्हा येथे अडीच झाले असतील. मी घरीच असेन. तसा मी नेहमीच असतो.

पोच द्यावी. एक शब्द पुरे.

बाबा